जुनी गाडी घेताय? आधी बॉनेट उघडा



जयपूरच्या हिवाळ्याला एक वाईट सवय आहे. इथे थंडीत राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबची विंटेज गाड्यांची रॅली भरते. चकचकीत क्रोमचे बंपर आणि फेटेवाले मालक बघून माणूस हॉटेलवर परत येतो आणि झोपायच्या आधी मोबाईलवर शोधतो, ‘जुनी फियाट विकणे आहे’. आमच्या घरातली शेवटची फियाट आजोबांनी १९८३ मध्ये विकली, आणि ती विकली म्हणून मामाने त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही. तो त्याच गाडीवर चालवायला शिकला होता. तेव्हा मागच्या हिवाळ्यात मामा पुण्याहून रॅली बघायला आला, तिथेच मला खरं तर कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका गल्लीत, १९६८ च्या फियाट ११०० समोर उभे होतो. दुधी रंग, लाल सीटा. मामा पुटपुटला, “अगं, अगदी आपलीच गं.” विक्रेता साडेतीन लाख म्हणत होता. मामाच्या खिशात विसार म्हणून पंचवीस हजार तयार होते. माझं काम फक्त हिंदीत घासाघीस करायचं होतं.

बरोबर एक म्हातारे मिस्त्री होते, ओळखीतून आलेले. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. सरळ बॉनेट उघडलं आणि इंजिनामागच्या पत्र्यावर बोट ठेवलं. तिथे दोन छोटी भोकं होती, बस्स. कंपनीची पाटी गायब.

विक्रेता हसत म्हणाला, “अरे साहब, पेंट करते वक्त निकाली थी, कहीं रखी होगी.”

तुम्ही अशी गाडी बघायला गेलात तर हे वाक्य तुम्हालाही ऐकू येईल. कधी कधी ते अगदी खरंही असतं. पन्नास वर्षांत गाडीला चार वेळा रंग लागतो, पाटी डब्यात पडते, डबा भंगारात जातो. म्हणून पाटी नाही म्हटल्यावर गाडी चोरीची, असं लगेच धरू नका. पण विसारही देऊ नका. आधी एक फरक समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

पाटी म्हणजे रिव्हेटने बसवलेला पत्र्याचा तुकडा. तिच्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, नंबर वगैरे असतं. ती निघू शकते, हरवू शकते आणि कोरी करकरीत नवीसुद्धा बनवून मिळते. चेसिस नंबर ही वेगळी गोष्ट. तो गाडीच्या अंगावर, धातूत ठोकलेला असतो. आरसीवर जो नंबर असतो तो हा. पाटी हरवली तर गाडीचा दागिना हरवला. ठोकलेला नंबर हरवला किंवा घासलेला दिसला, तर गाडीची ओळखच गेली. पहिल्यासाठी भाव करता येतो. दुसऱ्यासाठी चपला घालून निघायचं.

जीपच्या बाबतीत मात्र हाच नियम फसवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप दोन कंपन्यांनी बनवल्या, विलीज आणि फोर्ड. फोर्डने चेसिसच्या डाव्या दांड्यावर नंबर थेट ठोकला, विलीजने मात्र नंबराची छोटी पाटी चेसिसला रिव्हेटने लावली. म्हणजे जुन्या विलीजची ती पाटी गेली की चेसिसवरची ओळखही गेली. आतल्या डॅशबोर्डवरच्या पाट्यांवर तर अजिबात जाऊ नका, त्यांच्या नकला जगभर विकल्या जातात. आपल्याकडे युद्धानंतर लिलावात निघालेल्या जीप होत्या, मग महिंद्राने मुंबईत जुळवलेल्या जीप आल्या, आणि आज डबवालीसारख्या ठिकाणी नव्या-जुन्या भागांतून उभ्या केलेल्या जीपही आहेत. एका जीपचे कागद, दुसरीची चेसिस आणि तिसरीचं इंजिन असा त्रिवेणी संगम अजिबात दुर्मीळ नाही. गाडी मूळ नोंदीपेक्षा अशी बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

फियाटला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे मिस्त्रीकाकांनी पत्र्यावरची ठोकलेल्या नंबराची जागा शोधली. ती नव्या रंगाखाली गाडली गेली होती. त्यांनी थिनरचं फडकं मागितलं. विक्रेत्याचा चेहरा थोडा उतरला, पण त्याने दिलं. (इथे विक्रेता नाही म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालंच.) रंग निघाला, आकडे दिसले. मग त्यांनी खिशातून पातळ कागद काढला, आकड्यांवर धरला आणि पेन्सिल आडवी घासली. आरटीओत लागते तीच ही पेन्सिल प्रिंट. नुसत्या फोटोपेक्षा हिचा फायदा असा की आकडे सरळ रेषेत आहेत का, सगळ्यांची खोली सारखी आहे का, एखाद्याभोवती पत्रा घासलाय का, हे कागदावर लगेच उमटतं.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. नंबर ठोकताना खालचा धातूही आतपर्यंत दबतो. त्यामुळे वरून घासून सपाट केलेला नंबरसुद्धा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनं लावून पुन्हा वाचता येतो. म्हणजे ‘पुसला, विषय संपला’ असं नसतं. पाच वर्षांनी, गाडी तुमच्या नावावर असताना, तो जुना नंबर वर येऊ शकतो. मग चोरीचा माल बाळगला का, या प्रश्नाला उत्तर तुम्ही द्यायचं. विमा कंपनीचा माणूसही अपघातानंतर आधी नंबर जुळवतो.

आता कागद. आमच्या फियाटच्या आरसीची फक्त झेरॉक्स होती. मूळ प्रत म्हणे मालकाकडे, आणि मालक अहमदाबादला. म्हणजे समोरचा माणूस मालक नव्हताच! झेरॉक्सवर जुन्या हाताने लिहिलेला नंबर होता. मी एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले, मामा पेन्सिल प्रिंटवर बोट फिरवत गेला. शेवटून दुसऱ्या आकड्यावर आम्ही दोघं थांबलो. कागदावर ३, पत्र्यावर ८.

“कारकुनाचं अक्षर असेल गं,” मामा म्हणाला. असेलही. हाताने लिहिलेल्या आरसी बुकांच्या काळात अशा चुका होत होत्या, आणि पुढे त्याच चुका संगणकात चढल्या. पण अशी दुरुस्ती नोंदणीकृत मालकाने अर्ज करून, आरटीओत गाडी दाखवून करून घ्यायची असते. “पुढे बघून घेऊ” म्हणत तुम्ही गाडी घेतलीत, की ती चूक तुमच्या गळ्यात. आणि कोणी “दोनशे रुपयांत आकडा नीट ठोकून देतो” म्हणालं, तर तिथून पळा. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय नंबराला हात लावणं म्हणजे सरळ गाडीला गुन्हेगार करणं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? तर २०२५ मध्ये इथे जयपुरातच परिवहन खात्यातला एक घोटाळा गाजला. आत्ताची आरजे, एमएच अशी नंबरांची पद्धत १ जुलै १९८९ पासूनची. त्याआधीच्या मालिकांमधले भारीतले नंबर खोट्या नोंदी करून भलत्याच गाड्यांना दिले गेले होते. म्हणजे संगणकात जुना नंबर दिसतो, एवढ्यावर गाडी जुनी ठरत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केरळात कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ केलं. भूतानमधून आणलेल्या महागड्या गाड्या, त्यांत जुन्या लँड क्रूझर, लँड रोव्हरसुद्धा, बनावट कागदांवर इथे नोंदवल्या गेल्या होत्या. ज्यांच्या दारातून गाड्या उचलल्या, त्यांतल्या काहींचं म्हणणं होतं की आम्ही तर कागद बघूनच घेतल्या. नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत गाडी, एवढं निरागस नाव.

म्हणून घरी बसून दोन कामं करा. परिवहनच्या साइटवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. फार जुनी गाडी तिथे दिसली नाही तर दचकू नका, कित्येक जुन्या नोंदी अजून संगणकात चढलेल्या नाहीत. मग मूळ आरटीओत जाऊन रजिस्टर बघायला लावा. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेत चेसिस व इंजिन नंबर टाकून गाडी चोरीला गेल्याची नोंद आहे का ते तपासा. त्याचा दाखला काढून ठेवता येतो. इंजिन नंबर वेगळा निघाला तरी लगेच नाक मुरडू नका. कितीतरी अॅम्बेसेडर नंतर डिझेलवर गेल्या. प्रश्न एवढाच की बदलाची नोंद आरसीवर आहे का. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हवी, आणि जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर लिहिलेला असेल तर तो उतरवलेला हवा. पंचवीस वर्षांपूर्वी कर्ज फेडलं पण नोंद काढायची राहिली, असं फार घरांत होतं. तुमच्याही, बघा कपाटात.

५० वर्षांवरच्या गाडीसाठी जुलै २०२१ पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो, नसेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा मिळतो. पण अशी गाडी रोज भाजी आणायला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. शिवाय चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं. आणि ही ५० वर्षं मोजायची पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. म्हणजे नंबर आणि आरसी जुळत नसतील, तर तुमची गाडी किती वर्षांची, हेच सिद्ध होत नाही. पद्मिनी हे नाव १९७४ चं, त्यामुळे पहिल्या पद्मिन्या आत्ता कुठे यात बसायला लागल्यात. विक्रेता तुम्हाला ‘विंटेज’ म्हणून ऐंशीच्या दशकातली पद्मिनी दाखवत असेल, तर ती फक्त जुनी गाडी आहे. प्रेम करायला हरकत नाही, भाव विंटेजचा देऊ नका.

तर मामा. त्याने विसार दिला नाही. तो म्हणाला, मूळ आरसी घेऊन मालकाला बोलवा, आकड्याची दुरुस्ती करून घ्या, मी थांबतो, वर दहा हजार जास्त देतो. विक्रेत्याने मान हलवली. पाचव्या दिवशी फोन आला, गाडी गेली. कोणीतरी रोख देऊन ट्रकवर चढवून नेली. मामा दोन दिवस नीट जेवला नाही, आणि मला म्हणाला, “तू आकडे जरा हळू वाचायला हवे होतेस.” आता यात माझी काय चूक?

परवा त्याचा मेसेज आला. सांगलीजवळ एक फियाट आहे, इंजिन जाम, सीटा उंदरांनी खाल्लेल्या, तीस वर्षं गोठ्यात उभी. त्याने दोन फोटो पाठवले होते. गाडीचा दुसरा. पहिला होता बॉनेटखालचा, गंजलेल्या पत्र्याचा, आणि त्यात दोन रिव्हेटवर घट्ट बसलेली, धुळीने काळी पडलेली पाटी.