पाटी गाडीची, माणूस कुठला?

गाडीच्या नंबरवरून माणसाची परीक्षा करू नये, एवढी साधी गोष्ट सांगायला अख्खा लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत एका शिकल्यासवरल्या, श्रीमंत देशालाही ही साधी गोष्ट जड गेली. तो देश ऑस्ट्रेलिया. कोरोनाच्या साथीत तेथील राज्यांनी आपापल्या सीमा एकमेकांना बंद केल्या आणि चाकांवरच्या घरात राहणारी माणसे रस्त्यात अडकली. त्यांची हकीकत आज सांगायची आहे. ती समजून घेण्यात आपले हित आहे. एक तर त्या देशाच्या घटनेशी आपल्या घटनेचे नाते आहे. दुसरे म्हणजे कागदावरचा पत्ता एक आणि राहण्याचे ठिकाण दुसरे, ही अडचण आपल्या समाजात घरोघरी आहे.

प्रथम हे चाकांवरचे घर म्हणजे काय ते पाहू. तिकडे त्याला कॅराव्हॅन म्हणतात. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोलीच ती. आत झोपायची सोय, शेगडी, पाण्याची टाकी असा छोटा संसार असतो. नोकरीतून निवृत्त झालेली पुष्कळ जोडपी अशी खोली घेऊन महिनोन्‌महिने देशभर फिरतात. पण सगळेच हौसेने फिरणारे नसतात. कुणी राहते घर विकलेले असते, कुणाला घरभाडे परवडत नाही, कुणी हंगामाप्रमाणे फळे तोडायच्या कामावर या गावाहून त्या गावी जात असतो. अशांचे घर म्हणाल तर तेच, दुसरे नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ऑस्ट्रेलियात सहा राज्ये आणि दोन मोठे प्रदेश आहेत. आपल्याकडे एम.एच., जी.जे., के.ए. असे पासिंग असते, तशी तिकडेही गाड्यांची नोंदणी राज्यवार होते. कॅराव्हॅनला इंजिन नसले तरी तिची नोंदणी वेगळी आणि पाटीही वेगळी. नोंदणीसाठी पत्ता लागतो. ज्याचे घरच चाकांवर, तो मुलीचा, भावाचा किंवा ओळखीच्या माणसाचा पत्ता लावतो. त्यामुळे पाटीवर व्हिक्टोरिया राज्याचे नाव असले तरी तो माणूस कित्येक महिने त्या राज्यात फिरकलेलाही नसतो. पाटी सांगते ती गाडीची नोंद. माणूस काल कुठे होता, त्याला ताप आहे की नाही, हे पाटीला काय ठाऊक?

मार्च २०२० मध्ये साथ आली. प्रथम टास्मानियाने, मग दक्षिण ऑस्ट्रेलिया, नॉर्दर्न टेरिटरी आणि क्वीन्सलँडने सीमेवर निर्बंध घातले. पश्चिम ऑस्ट्रेलियाने ५ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून आपली सीमा कडक बंद केली. ८ जुलै रोजी न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांच्यामधली सीमा बंद झाली. ही सीमा याआधी १९१९ साली, इन्फ्लुएन्झाच्या साथीत बंद झाली होती. म्हणजे शंभर वर्षांनी तोच प्रसंग आला.

त्याच मार्च महिन्यात कॅराव्हॅन उभ्या करायचे तळ प्रवाशांना बंद करण्याचा निर्णय झाला. परंतु ज्यांचे कायमचे वास्तव्य तळावरच आहे, किंवा ज्यांना जायला दुसरे घर नाही, त्यांना राहू द्यावे अशी सवलत ठेवली गेली. ही सवलत महत्त्वाची आहे. 'घरात राहा' असा हुकूम काढणाऱ्याने आधी प्रत्येकाला घर आहे का, हे विचारले पाहिजे. तिकडे निदान तो प्रश्न विचारला गेला.

जुलै २०२० मध्ये क्वीन्सलँडने सीमा उघडली, पण व्हिक्टोरियातून येणाऱ्यांना मज्जाव ठेवला, कारण तेथे साथ पुन्हा भडकली होती. येणाऱ्याला लेखी जाहीर करावे लागे की, गेल्या चौदा दिवसांत मी साथीच्या भागात गेलेलो नाही. खोटे लिहिल्यास ४,००३ डॉलर दंड. नियम नीट वाचला तर तो माणसाच्या प्रवासाविषयी होता, पाटीविषयी नव्हता. परंतु नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाला प्रवास दिसत नाही, पाटी दिसते. आधी तिच्यावरच नजर जाणार. मग पेट्रोलच्या पावत्या, तळावर राहिल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा अशा कागदांनी आपण कुठे होतो ते पटवून द्यायची पाळी येते. ज्याने पावत्या जपल्या त्याचे निभावते, ज्याने फेकल्या त्याची पंचाईत होते.

नाक्यावरचा शिपाई निदान कागद तरी पाहतो, गावातला माणूस तेही पाहत नाही. परराज्याची पाटी दिसली की शिव्या, काचेवर चिठ्ठी, गाडीवर ओरखडे, अशा बातम्या त्या काळात तिकडच्या वर्तमानपत्रांत आल्या. ज्यांच्या गाड्यांवर चिठ्ठ्या लागल्या त्यांतले काही महिनोन्‌महिने त्याच भागात राहत होते. वाचकहो, हा प्रकार आपल्याला नवा वाटतो का? आडनाव ऐकून खोली नाकारणारा घरमालक आणि वस्तीचा पत्ता ऐकून चेहरा बदलणारा साहेब आपण पाहिलेला आहे. जी वस्तू माणसाने निवडलेली नाही, किंवा जिचा त्याच्या वागणुकीशी संबंध नाही, तिच्यावरून त्याला अशुद्ध ठरवायचे, ही ती जुनी खोड. जातीचा गंध नसलेल्या देशातही भीतीच्या दिवसांत ती उफाळते, हे ध्यानात ठेवावे.

गंमत अशी की स्वतःच्या राज्याची पाटी असूनही प्रत्येकाची सुटका झाली नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस क्वीन्सलँडची विलगीकरणाची हॉटेले भरून गेली, तेव्हा साथीच्या भागातून परतणाऱ्या आपल्याच रहिवाशांना त्या राज्याने दोन आठवडे थांबायला सांगितले. क्वीन्सलँडची कित्येक माणसे सीमेच्या अलीकडे कॅराव्हॅनमध्ये दिवस मोजत बसली. कूलंगॅटा आणि ट्वीड हेड्स ही दोन गावे तर एकमेकांना चिकटलेली, एक क्वीन्सलँडमध्ये, दुसरे न्यू साउथ वेल्समध्ये. रस्त्यात प्लास्टिकचे कठडे मांडून सीमा केलेली. तिकडे सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पितृदिन पाळतात. ५ सप्टेंबर २०२१ च्या पितृदिनी मुले कठड्याच्या या बाजूला आणि बाप त्या बाजूला अशा भेटी झाल्या.

मग सीमा बंद करणे चुकीचेच होते काय? आम्ही तसे म्हणणार नाही. २०२० अखेर त्या साऱ्या देशात कोरोनाने गेलेल्यांची संख्या सुमारे ९०० होती आणि त्यांतले बहुसंख्य एकट्या व्हिक्टोरियातले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात ती संख्या दहाच्याही आत राहिली. आणखी एक गोष्ट. तेथील मूळनिवासी लोकांच्या दूरदूरच्या वस्त्यांमध्ये बाहेरच्यांनी जाऊ नये, असा निर्बंध मार्च २०२० च्या अखेरीस घालण्यात आला. गोऱ्या लोकांनी आणलेल्या रोगांनी ज्यांचे पूर्वज मेले, त्यांच्या वस्तीत हौशी प्रवाशाने कॅराव्हॅन घेऊन शिरू नये, हे न्यायाचेच होते. दुबळ्याचा जीव वाचवणारा बंद वेगळा आणि परक्याला हाकलणारा बंद वेगळा. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

येथे कायद्याचा प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियाच्या घटनेचे कलम ९२ सांगते की राज्याराज्यांमधील व्यापार आणि लोकांचे येणेजाणे पूर्ण मोकळे राहील. दुसऱ्या महायुद्धात परवान्याशिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रेल्वेने जायला बंदी होती. जॉन्सन नावाची एक स्त्री परवाना नसताना पर्थला गेली, तिच्यावर खटला झाला. १९४५ साली तेथील सर्वोच्च दर्जाच्या न्यायालयाने ती बंदी कलम ९२ विरुद्ध ठरवली आणि सरकार हरले. २०२० साली क्लाइव्ह पामर या खाणमालकाने पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या बंदला त्याच कलमाखाली आव्हान दिले. ६ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला तो सरकारच्या बाजूने. मध्ये काय बदलले? साथीपासून जीव वाचवणे हे कारण खरे होते आणि त्यासाठी ते बंधन गरजेचे होते, असे न्यायालयाला पटले. कारण पटले तर बंधन टिकते, नाही पटले तर पडते.

आपल्या घटनेचे कलम ३०१ देशभर व्यापार-व्यवहार मोकळा ठेवते. ते तयार होताना ऑस्ट्रेलियाच्या या कलम ९२ चा नमुना समोर होता. आणि माणसाच्या हिंडण्याफिरण्याचे, कोठेही वस्ती करण्याचे स्वातंत्र्य कलम १९ मध्ये मूलभूत हक्क म्हणून वेगळे दिले आहे. त्यावर निर्बंध घालता येतो, पण तो वाजवी हवा आणि सर्वसाधारण जनतेच्या किंवा अनुसूचित जमातींच्या हितासाठी हवा. गावकुसाबाहेर डांबलेल्या समाजाला या देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क मिळाला, तो बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लिहिलेल्या या घटनेने. म्हणून हे कलम आपल्याला जिवापाड जपायचे आहे.

निर्बंध कसा असावा याचा धडा आपल्या धम्मातही आहे. भगवान बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायला सांगितले. कारण स्पष्ट होते: पावसात फिरताना पिके आणि लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. मुदत ठरलेली होती. आणि अपवादही होता. आईवडील आजारी असले किंवा तसेच निकडीचे काम असले तर भिक्खूला सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येई. एवढेच नव्हे तर विनयपिटकाच्या महावग्गात असेही आहे की, जो भिक्खू व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर किंवा नावेत असेल, त्याने तेथेच वर्षावास करावा. म्हणजे ज्याचे वास्तव्य चालत्या तांड्यात, त्याचीही सोय अडीच हजार वर्षांपूर्वी पाहिली गेली. कारण, मुदत, अपवाद आणि बेघराची सोय, या चार गोष्टी ज्या बंधनात आहेत ते बंधन माणसाला मान देणारे.

या मापाने आपल्याकडचे २०२० साल मोजून पाहा. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. तिकडे अडकलेल्यांना निदान चाकांवरचे घर होते. आपल्या कष्टकऱ्याच्या डोक्यावर बोचके आणि कडेवर लेकरू होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर विसावलेले मध्य प्रदेशाचे १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून निघाले होते. कारण होते, पण अपवाद आणि बेघराची सोय कुठे होती?

आता आपण काय करायचे? कारकुनीत आमचा सगळा दिवस कागदांत जातो, म्हणून सांगतो. संकट आले की सरकार आधी कागद वाचते, माणूस मागाहून. तेव्हा कागद वेळेवर नीट करून ठेवावा. रेशनकार्ड गावी आणि पोट मुंबईत, पुण्यात किंवा सुरतेत, असे असेल तर 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेचा लाभ घ्यावा. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना ती लागू करण्यास सांगितले आणि २०२२ पर्यंत ती देशभर पोचली. अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचे कार्ड असून आधार जोडलेले असेल, तर काम असेल तेथल्या दुकानात आपल्या वाट्याचे धान्य मागता येते, आणि उरलेले गावी घरच्यांना घेता येते. असंघटित कामगारांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत नाव घालावे. आपली तरुण पोरे परराज्याच्या पासिंगची जुनी दुचाकी किंवा टेम्पो स्वस्तात घेतात. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर येथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र विकणाऱ्याकडून व्यवहाराच्या वेळीच मागून घ्यावे. घर बदलले तर गाडीच्या पुस्तकावरचा पत्ता तीस दिवसांत बदलण्यासाठी अर्ज करावा. कामाच्या, भाड्याच्या आणि प्रवासाच्या पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईमाणसांनाही ठाऊक असावे.

मात्र कागद नीट केला म्हणजे आपले काम संपले, असे नाही. पुढे कधी साथ आली आणि आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत परप्रांताच्या पाटीची गाडी येऊन उभी राहिली, तर आपण काय करू? काचेवर चिठ्ठी लावू, की पाणी विचारू? ज्यांच्या बापजाद्यांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांनी आधी पाणी विचारावे, मग कुठून आलात ते विचारावे, आणि गरज वाटली तर तपासणीला दवाखान्यात पोचवावे. अंतर ठेवायचे ते रोगापासून, माणसापासून नव्हे.

जय भीम!