पाहुणा आधी ओसरीवर

मी मुळात भांडखोर माणूस नाही. भाजीवाल्याने वजनात मारले तरी मी कोथिंबिरीच्या दोन काड्यांवर तह करतो. पण समुद्रातला नवा मासा दुकानातून आणून थेट मोठ्या टाकीत सोडणारा गृहस्थ दिसला, की माझ्यातला नेमस्त मरतो आणि जहाल जागा होतो.

ताजे निमित्त आमचे मेव्हणे. मागल्या पंधरवड्यात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत एक निळा टँग घेऊन आले. ''भावोजी, सोडा टाकीत. दुकानात कसा ठणठणीत पोहत होता!''

''आधी महिनाभर निराळ्या टाकीत राहू दे,'' मी म्हटले. त्यावर त्यांनी असे पाहिले, की जणू मी त्यांच्या व्याह्यांना जिन्यात बसवले होते!

आता तुम्हीच सांगा, आपल्या आज्या काय करीत? बाहेरून आलेला माणूस, मग तो जावई का असेना, आधी ओसरीवर. हातपाय धुवायचे, मग उंबरठा. त्यात कुणा जावयाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही. 1377 साली एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा शहराने साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबवायला सुरुवात केली. पुढे त्या महिन्याचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन 'चाळीस'मधून 'क्वारंटाइन' हा शब्द जन्मला. 2020 साली तर तो आपण सगळ्यांनीच गिरवला. हेच मेव्हणे तेव्हा दुधाची पिशवी साबणाने धूत होते! माशाची पाळी आली, की मात्र 'ठणठणीत दिसतो की!'

अहो, ठणठणीत दिसणे हाच तर घोटाळा आहे. खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा कर्ता एक सूक्ष्म परोपजीवी आहे. नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. उच्चारतानाच चीड येते. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तो तीन ते सात दिवस बिऱ्हाड करतो. नुसता कल्ल्यांत असला, तर अंगावर ठिपका दिसतही नाही. पोट भरले की खाली उतरतो, दगडा-वाळूला चिकटून भोवती कवच करतो, आणि त्या कवचातून काही दिवसांनी, कधी तर दोन महिन्यांनीसुद्धा, पिल्लांची पलटण बाहेर पडते.

इथेच लसूणवाले फसतात. माशाच्या खाण्याला लसणाचा रस चोळायचा. चार दिवसांत ठिपके दिसेनासे होतात. 'गुण आला' म्हणून पेढे वाटायचे. महाराज, ठिपके बरे झालेले नाहीत. ते बाळंतपणाला गेले आहेत. परत येताना एकटे येणार नाहीत!

''समुद्रात कोण क्वारंटाइन करतो?'' हा मेव्हण्यांचा हुकमी एक्का. कबूल, कोणी करीत नाही. पण समुद्रात ती पिल्ले अफाट पाण्यात विखुरतात, आणि दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. आमच्या टाकीत तीनशे लिटर पाणी आणि चार काचा. तिथला मासा पळून जाणार कुठे? त्याला तिथे आपण आणले आहे. दाराशी कोण येतो हे पाहणेही आपल्याकडेच आले.

आणि एकदा रोग शिरला, की मोठ्या टाकीत औषधही घालता येत नाही. तांब्याच्या औषधाने परोपजीवी मरतो, पण कोळंबी आणि प्रवाळही मरतात. मग सगळे मासे बाहेर काढा आणि टाकी अकरा आठवडे माशांवाचून ठेवा! त्यापेक्षा साठ लिटरची एक बोडकी टाकी काय वाईट? हीटर, मोठ्या टाकीत मुरवलेला स्पंज फिल्टर, लपायला प्लंबरकडचे पाइपाचे तुकडे आणि निराळे जाळे. चार ते सहा आठवड्यांची ओसरी!

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. आमच्याकडे नऊ वर्षे क्लाउनफिशची जोडी होती. मी कचेरीतून आलो की दोघे काचेशी येत. घरात माझी वाट पाहणारे तेवढेच. एका दिवाळीत मीच एक पिवळा मासा आणून थेट सोडला. दुकानात ठणठणीत होता. भाऊबीज उलटून आठवडा झाला तेव्हा दोघे पंपाच्या धारेशी धापा टाकत होते, आणि मी लसूण सोलत होतो. सौ. काही बोलली नाही. तिने खाण्याची डबी उचलली आणि फडताळात अगदी मागे ठेवली.

मेव्हण्यांचा टँग न्हाणीघराशेजारच्या टाकीत पाइपातून माझ्याकडे डोळे वटारून बघतो आहे. काल, अकराव्या दिवशी, त्याच्या अंगावर मी तीन पांढरे ठिपके मोजले. मेव्हण्यांना फोन केला.

''लसूण द्या,'' ते म्हणाले.

मी फोन ठेवला आणि तांब्याचे औषध काढले. लसणाची सौ.ने चटणी केली. चांगली झाली होती.