हलगी आमची, मग तिचा आवाज कुणाच्या कपाटात?



एप्रिल जवळ आला की वारणानगर-कोडोली भागातल्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या गाण्यांची धावपळ सुरू होते. गाणं कोण लिहिणार, हा प्रश्न आपल्याकडे कधीच नव्हता. लिहिणारे आहेत, गाणारे त्याहून जास्त आहेत. अडतं ते ट्रॅकपाशी. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या वर्गणीतून आम्ही शहरातल्या एका स्टुडिओत गाणं केलं. शब्द आमचे, चाल आमची, गळा आमचा. पैसे मोजले आणि हातात एक एमपीथ्री आली. पुढच्या वर्षी एक कडवं बदलायचं म्हणून मूळ प्रोजेक्टची फाईल मागितली, तर "तसं देत नाही" एवढंच उत्तर. आणि त्या गाण्यात हलगीच्या जागी वाजत होता कुठल्यातरी पॅकमधला ढोल!

तेव्हापासून आम्ही घरीच ट्रॅक करतो. जुना लॅपटॉप, एक साधा माईक आणि फुकटचे प्लगइन. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं छोटं सॉफ्टवेअर. एखादं वाद्य होऊन वाजतं, एखादं गळ्याला घुमारा देतं, एखादं आवाजाचा कर्कशपणा काढतं. सर्ज हा सिंथ आधी विकत मिळायचा. २०१८ साली त्याच्या कर्त्याने कोड जगासाठी खुला केला आणि आज सर्ज एक्सटी या नावाने तो कुणीही वापरतो. डेक्स्ड हे यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ कीबोर्डची हुबेहूब नक्कल करतं. घुमाऱ्याला वल्हाला सुपरमॅसिव्ह, आवाज साफ करायला टीडीआर नोव्हा. आमचा खर्च झाला तो फक्त मोबाईलच्या डेटाचा.

यावर काही मित्र म्हणतात, "फुकटचं कशाला? महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून घ्या. भांडवलदाराचं लुटलं तर काय बिघडलं?" बिघडतं, भावांनो. क्रॅकसोबत व्हायरस येतो, एका अपडेटमध्ये वर्षाचं काम बंद पडतं, आणि चोरीच्या माडीवर उभं राहून आपल्या गाण्याचा हक्क मागता येत नाही. शिवाय क्रॅक वापरणारा त्या कंपनीचाच गिऱ्हाईक होऊन बसतो, फक्त पैसे न देणारा.

पण फुकट म्हणजे मुक्त नव्हे, हेही ध्यानात घ्या. कंपनीने फुकट दिलेला प्लगइन कंपनीची मर्जी आहे तोवर फुकट. उद्या ती खातं उघडायला लावेल, परवा तो काढूनही घेईल. सर्ज किंवा डेक्स्डचं तसं नाही. जीपीएल परवान्याखाली कोड खुला असतो. तो वाचा, बदला, वाटा; बदललेला वाटताना तुम्हीही खुला ठेवा, एवढीच अट. एक दान आहे, दुसरा हक्क आहे. दान आणि हक्क यांतला फरक आपल्या चळवळीला वेगळा समजावून सांगायला नको.

आता मूळ दुखणं. एवढं सगळं डाउनलोड केलं आणि हलगी शोधायला बसलो. तबला लगेच सापडला, सतार सापडली. 'इंडियन पर्कशन' नावाच्या पेट्याच्या पेट्या सापडल्या. हलगी नाही. दिमडी नाही. जगाच्या संगणकात भारत म्हणजे मैफलीचा दिवाणखाना! वेशीबाहेरचा भारत तिथे कुणी रेकॉर्डच केलेला नाही. याचा दोष परदेशातल्या पोरांना देऊन उपयोग नाही. त्यांना आपली वाद्यं कुणी ऐकवली? आपणही घेणारेच राहिलो.

हे बोललो तेव्हा वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळले. "हलगी ही गुलामीची खूण आहे. गावच्या लग्नात आणि मयतात वाजवायची सक्ती होती आमच्यावर. मोठ्या मुश्किलीने खाली ठेवली, ती तुम्ही पुन्हा गळ्यात घालता?" काकांचा राग खरा आहे. वतनाच्या नावाखाली राबवून घेण्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं, ते याच जाचासाठी. आजही कुणाला हलगी हातात धरायची नसेल तर त्याला कुणी आग्रह करू नये. पण काका, मोडायची होती ती सक्ती. त्या कातड्यातून निघणारा नाद आपल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या घडवला आहे. आपण तो खाली ठेवला म्हणून तो थांबला नाही. सिनेमावाले उचलतात, डीजेवाले उचलतात, आणि वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. आम्हाला ही दुसरी वेठबिगारी वाटते.

याच वारणेच्या काठी तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याच्या जोडीने बालवाद्यवृंद उभा केला. एकट्या घराला न परवडणारी वाद्यं सगळ्यांच्या बळावर पोरांच्या हातात आली. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला या सहकारातलं किती आलं, तो हिशेब पुन्हा कधीतरी मांडू. तत्त्व मात्र घेण्यासारखं आहे. नदीपलीकडे सांगली जिल्ह्यात अण्णा भाऊंचं वाटेगाव आहे. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं, तेही एकट्याचं नव्हतं.

म्हणून आम्ही हलगीची आपली पेटी तयार करतोय. प्रत्येक टोला हलका, मध्यम आणि जोराचा वेगळा घ्यायचा, आणि प्रत्येकाचे चार-पाच टेक, नाहीतर संगणकात तोच टोला पुन्हापुन्हा वाजून गाणं मशीनसारखं लागतं. एसएफझेड या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ते टोले मांडले की एसएफझेड वाचणाऱ्या कुठल्याही फुकट सॅम्पलरवर वाजतात. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा ठेवणार: वापरा, पण वाजवणाऱ्याचं नाव द्या, आणि त्यातून नवी पेटी केलीत तर तीही खुली ठेवा. वाजवणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मंडळ देईल. 'समाजासाठी फुकट वाजव' हे आपल्याच तोंडी शोभत नाही.

गळीत हंगाम संपला की उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज थांबतो. त्या आठवड्यात समाजमंदिरात रात्री नऊनंतर बसायचं ठरलंय. पंखे बंद, मोबाईल बाहेर. ज्यांच्या घरी चांगली ताणलेली हलगी आहे त्यांनी ती आणावी, आणि शेकायला थोडं पाचटही.