नामवंत विद्यापीठ आणि मध्यमवर्गाचा हिशेब

एप्रिल महिना अमेरिकेतील अनेक मराठी घरांत आनंद आणि चिंता एकाच वेळी घेऊन येतो. नामवंत विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडते आणि पाठोपाठ चार वर्षांच्या खर्चाचा आकडाही समोर येतो. महाराष्ट्र दिनाच्या तारखेलाच, १ मे रोजी, बहुतेक विद्यापीठांना होकार कळवावा लागतो. ‘मुलांच्या शिक्षणात काटकसर करायची नाही’ हा आपल्या मध्यमवर्गाचा जुना संस्कार आहे. मात्र रक्कम साडेतीन लाख डॉलरच्या पुढे जाते, तेव्हा हा संस्कारही हिशेबाच्या कसोटीवर तपासून घेणे आवश्यक ठरते.

अनेक खासगी विद्यापीठांचा राहण्याजेवणासह वार्षिक खर्च आता ९० हजार डॉलरहून अधिक आहे. तथापि, हा छापील आकडा सर्वांना भरावा लागत नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबांना शिक्षणशुल्क माफ केले. प्रिन्स्टनने अडीच लाखांपर्यंतच्या बहुतांश कुटुंबांना ही सवलत देऊ केली. अशा संस्थेत प्रवेश मिळालेल्या कुटुंबाला ती आपल्या राज्याच्या सरकारी विद्यापीठापेक्षाही स्वस्त पडू शकते. म्हणून केवळ छापील शुल्क पाहून अर्जच न करणे ही चूक ठरेल. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणकयंत्र असणे बंधनकारक आहे. अर्ज करण्यापूर्वीच ते वापरावे.

खरी कोंडी होते ती या मर्यादेच्या किंचित वर असलेल्यांची. पतिपत्नी दोघेही नोकरदार, उत्पन्न अडीच-तीन लाख, घराचे कर्ज चालू, मायदेशी वृद्ध आईवडिलांची जबाबदारी, असे हे परिचित चित्र आहे. मदतीच्या सूत्राला यांतले उत्पन्न दिसते. उशिरा सुरू झालेली निवृत्तीची बचत किंवा भारतात पाठविलेले पैसे सहसा दिसत नाहीत. त्यातच, दोन मुले एकाच वेळी महाविद्यालयात असल्यास संघीय सूत्रात पूर्वी मिळणारी सवलत २०२४-२५ पासून रद्द झाली आहे. आयव्ही लीगमधील विद्यापीठे गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्तीही देत नाहीत.

मग एवढ्या खर्चातून मिळते काय? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांच्या २००२च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तुल्यबळ विद्यार्थी कमी निवडक महाविद्यालयात गेले तरी त्यांची सरासरी मिळकत जवळपास तेवढीच राहते. अपवाद प्रामुख्याने अल्प उत्पन्न गटातील मुलांचा. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३च्या संशोधनाने या चित्राला दुसरी बाजू जोडली. राज्यांच्या प्रमुख सरकारी विद्यापीठांच्या तुलनेत सरासरी मिळकतीत लक्षणीय फरक नाही. परंतु सर्वोच्च १ टक्का उत्पन्न गटात पोहोचण्याची, तसेच नामांकित संस्थांत नोकरी मिळण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे पालक सुरक्षित भविष्याची हमी विकत घेत नसतात. शिखरावर पोहोचण्याची वाढीव संधी घेत असतात. अभियंता वा परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलासाठी या संधीचे मोल वेगळे, आणि वॉल स्ट्रीट किंवा सर्वोच्च न्यायालयाकडे डोळे लावून बसलेल्या मुलासाठी वेगळे.

कर्जाचे नियमही बदलत आहेत. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्यानुसार, १ जुलै २०२६ पासून पालकांना नव्याने मिळणारे संघीय कर्ज प्रत्येक मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार डॉलरपुरते मर्यादित होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची ग्रॅड प्लस ही कर्जयोजना नव्या कर्जदारांसाठी बंद होत आहे. परिणामी वैद्यकीय वा कायद्याच्या शिक्षणासाठी घरची बचत पूर्वीपेक्षा अधिक मोलाची ठरेल. एच-१बी व्हिसावरील पालकांना तर, मूल अमेरिकी नागरिक असले तरी, हे पालककर्ज मिळतच नाही.

बहुतेक राज्यांच्या विद्यापीठांत रहिवाशांचा वार्षिक खर्च ३० ते ४५ हजारांच्या आसपास असतो. पूर्ण शुल्क भरणाऱ्या कुटुंबासाठी चार वर्षांतील फरक सुमारे २ लाख डॉलर होतो. वार्षिक ६ टक्के वाढ धरली तर ही रक्कम १२ वर्षांत दुप्पट होते, आणि पन्नाशीतल्या पालकाच्या दृष्टीने तीच निवृत्तीची शिदोरी असते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. मदतीनंतरचा खर्च सरकारी विद्यापीठाच्या जवळपास असेल, तर नामवंत संस्था निःसंकोच निवडावी. चालू मिळकत आणि शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांतून फरक भागत असेल, तर तो कुटुंबाच्या पसंतीचा प्रश्न आहे. पण त्यासाठी निवृत्तीच्या खात्याला हात लावावा लागत असेल किंवा घर पुन्हा गहाण ठेवावे लागत असेल, तर नकार देणेच श्रेयस्कर. शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते. वार्धक्यासाठी ते कोणी देत नाही. आणि रिकाम्या हाताने निवृत्त झालेल्या पालकांचा भार शेवटी त्याच मुलाच्या खांद्यावर येतो.

हा हिशेब मुलापासून लपवू नये. आपले बहुतेक पालक प्रवेशपत्र येईपर्यंत पैशांचा विषय काढत नाहीत आणि मग एका संध्याकाळी सतरा वर्षांच्या मुलाला नकार ऐकवतात. तोच आकडा अकरावीत असतानाच त्याच्यासमोर ठेवला, तर अर्जांची यादी तो स्वतःच शहाणपणाने करील.