पांदण मोकळी करा, सायकल आपोआप येईल



आजची नोंद पिकाची नाही, रस्त्याची आहे. धान चुरून झालं, तूर अजून उभी आहे, म्हणून लिहायला थोडी सवड मिळाली.

मागच्या रविवारी सकाळी नागपूरचे चार सायकलवाले आमच्या बांधीजवळ थांबले. सायकलीच्या मागं दोन्ही बाजूंनी पिशव्या, वर तंबू बांधलेला. मनसरवरून हायवेनं देवलापारकडे निघाले होते, ट्रकांना कंटाळून आत वळले. त्यातल्या एका पोरीनं विचारलं, "काका, गाड्या नसलेला रस्ता आहे का इकडून? चढ असला तरी चालेल." मी म्हटलं, आहे ना. ते पाणी पिऊन गेले, अन् मी विचार करत बसलो की खरंच आहे का?

कागदावर आहे. गावनकाशा काढून पाहा. तुटक दुहेरी रेषेनं गाडीमार्ग दाखवला असतो, तुटक एका रेषेनं पायमार्ग. आमच्या आज्यांच्या बंड्या याच वाटांनी चालत. एका गावातून दुसऱ्या गावाला जायचं तर डांबरी रस्त्याला पाय लावायचं काम नव्हतं. आज त्यातल्या निम्म्या पांदणी बाभळीनं बुजल्या, अन् उरलेल्या आपण धुरा सरकवून सरकवून खाल्ल्या.

आमचा हा रामटेक तालुक्याचा पट्टा सातपुड्याच्या पायथ्याचा. नागपूरच्या पश्चिमेला काटोल-कळमेश्वरकडे काळा बेसाल्ट, पण इकडं खडक फार जुना आहे. भूगर्भशास्त्रवाले त्याला सौंसर गट म्हणतात. मूळची चुनखडी दाबानं अन् उष्णतेनं बदलून संगमरवर झालेली, तिच्या संगतीला मँगनीज. मनसर, चोरबाहुली, जुनेवाणी ही आपली गावं त्यांच्या पुस्तकात थरांची नावं म्हणून आहेत. आपल्याला चुना आठवतो तो संत्र्याच्या पिवळ्या पानांमुळं. जमिनीत मुक्त चुना जास्त झाला की झाडाला लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी अन् शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पण रस्त्याच्या हिशेबानं टेकडीजवळची ही उथळ, खडीची जमीन चांगली. पाणी लवकर निथळते. खालच्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये सायकल सोडा, बैलाचा पाय निघत नाही.

डोंगराळ मुलखात सायकल चालवायची तर खरी अडचण चढाची असते. बैलाला जो चढ जड, तोच सामान बांधलेल्या सायकलला जड. म्हणून अशा मुलखात सोप्या वाटा दोनच: जिथून पाणी चालते अन् जिथून जुनी रेल्वे चालायची. कालव्याला उतार नावापुरता असतो, नाहीतर पाणी काठ खाऊन टाकेल. नवेगाव खैरीवरून निघालेल्या पेंचच्या कालव्याच्या काठानं जो तपासणीचा रस्ता जातो, त्यावर म्हाताऱ्या माणसालाही दम लागत नाही. तो रस्ता जलसंपदा विभागाचा आहे, परवानगीचा प्रश्न येतो, हे खरं. पण उदाहरण डोळ्यासमोर आहे.

रेल्वेचं उदाहरण तर आपल्याच राज्यातून सुरू होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं बार्शी लाइट रेल्वे उभी केली, १८९७ मध्ये ती सुरू झाली. अडीच फुटी रूळ, आपल्या नागपूर-छिंदवाड्याच्या जुन्या छोट्या गाडीचे होते तेच माप. नंतर याच माणसानं इंग्लंडात, स्टॅफर्डशायरच्या चुनखडीच्या डोंगरात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात तशीच अडीच फुटी रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. सुमारे १३ किलोमीटरची लाइन, मुख्य माल म्हणजे शेतकऱ्यांचं दूध. दूध मोटारीवर गेलं अन् १९३४ मध्ये गाडी बंद पडली. रूळ उखडले, पण जागा कोणी वाटून घेतली नाही. ती तिथल्या जिल्हा कौन्सिलकडे गेली अन् १९३७ मध्ये त्यावर चालायची वाट खुली झाली. आज लोक तिथं मुलाबाळांसह सायकल चालवतात. शेजारच्या डर्बीशायरमध्ये टिसिंग्टन नावाची अशीच रेल्वेची वाट १९७१ पासून आहे. दोन्हीकडं आजूबाजूला गाई-मेंढ्यांची कुरणं आहेत, शेती चालू आहे.

याचा अर्थ आपल्याकडच्या रुळांवर सायकल आणा, असं मी म्हणत नाही. पुलगाव-आर्वीचे लोक अजून गाडीची वाट पाहतात, शकुंतलेसाठी लोक भांडतात. जिथं रेल्वे पाहिजे तिथं रेल्वेच पाहिजे. मला त्या गोष्टीतून एकच घ्यायचं आहे: जागा सलग राहिली म्हणून वाट झाली. मधल्या एकानं दहा फूट नांगरून घेतली असती तर १३ किलोमीटर वाया गेले असते.

आता कोणी म्हणेल, शहरातल्या हौशी लोकांसाठी आपण काहून डोकं फोडायचं? भाऊ, सायकल आधी कोणाची आहे? माझे वडील चाळीस वर्षं सायकलनं वावरात गेले. डब्याची पिशवी हँडलला, विळा कॅरिअरला. हायवे चौपदरी झाला अन् त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, ती टेकवलीच. मजुरीला जाणारे, शाळेत जाणाऱ्या पोरी, दुधाची कॅन नेणारे, हे सगळे आजही हायवेच्या कडेनं ट्रकाचा वारा खात जातात. पेंचच्या जंगलातून हा ४४ नंबरचा हायवे जातो, तिथं महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना पार व्हायला खालून नऊ वाटा केल्या आहेत. चांगलं केलं, वाघ तिथून जातात, कॅमेऱ्यात दिसतात. मग सायकलनं वावरात जाणाऱ्या माणसाला एखादी वाट मागायला काय हरकत आहे?

ती वाट नवी बांधावी लागत नाही. ती पांदण आहे. नागपूरच्या पोरीला पाहिजे असलेला रस्ता अन् माझ्या बापाला पाहिजे असलेला रस्ता एकच आहे.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. वावरात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. असलेली वाट कोणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मे २०२५ मध्ये महसूल विभागानं शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर ठेवायला अन् त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायला सांगितलं आहे. गावात वाद असेल तर ही नोंद आधी करून घ्या. तोंडी कबुलीवर रस्ता टिकत नाही, माणूस गेला की पोरगा कुंपण घालतो.

आमच्या शेजारच्या काकांचा आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, "आज सायकल येईल, उद्या कार येईल, परवा प्लॉटवाला येईल." ही भीती खोटी नाही. रस्ता गुळगुळीत झाला की जमिनीला गिऱ्हाईक लागते, हे आपण नागपूरच्या आजूबाजूला पाहिलं आहे. म्हणून माझं मत असं आहे:

पांदणीला मुरूम अन् खडी टाका, दोन्ही बाजूंनी नाली काढा, दबाई नीट करा. सिमेंटचा हट्ट धरू नका. मुरमावर ट्रॅक्टर, बंडी, सायकल चालते, पण कारवाल्याला घाई करता येत नाही.

दोन डांबरी रस्त्यांमधला शॉर्टकट होईल अशी पांदण मोटारीसाठी मोठी करू नका. गेट लावलं तर आपलंच हार्वेस्टर अडकते.

रोवणीत अन् धान कापणीत पाहुण्यांना नाही म्हणा. फवारणी चालू असेल तिकडून कोणाला जाऊ देऊ नका. अन् जंगलाला लागून असलेल्या पांदणीवर दिवस वर आल्याशिवाय अन् सायंकाळनंतर कोणीच नको, पाहुणा नाही अन् आपणही नाही. बिबट्या-वाघ सायकलची हौस पाहत नाही.

अन् येतील त्यांच्याकडून गावाला दोन पैसे मिळू द्या. बचत गटाच्या बाया झुणका-भाकर, वांग्याची भाजी, भात देऊ शकतात. रिसॉर्टची गरज नाही, पाणी, सावली, साफ संडास अन् पंक्चरचं सामान पुरे. यातून कोणी श्रीमंत होणार नाही. पांदण मात्र वापरात राहील, अन् वापरातली पांदण कोणाला सहज बुजवता येत नाही. मला यातला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

आता खरं सांगतो. त्या पोरीला "आहे ना" म्हटल्यावर मी दुपारी टेप घेऊन आमच्या पांदणीवर गेलो. एका ठिकाणी रुंदी सात फूट भरली. पलीकडं बाभूळ आहे, पण अलीकडं तुरीच्या दोन ओळी आहेत, अन् त्या माझ्या आहेत. दरवर्षी थोडं थोडं करत मीच धुरा पुढं नेला. वडिलांच्या सायकलचा रस्ता हायवेनं नेला असं मी दहा वर्षं म्हणत होतो. थोडा मी पण नेला.

या वर्षीची तूर निघाली की त्या दोन ओळींची जागा सोडतो अन् तलाठ्याकडे मोजणीचा अर्ज कसा करायचा ते विचारतो. शेजारच्या काकांना बाभूळ तोडायला सांगायचं आहे, पण त्याआधी माझी तूर निघाली पाहिजे, नाहीतर सांगायला तोंड कुठं आहे?

तुमच्या पांदणीत एकदा टेप टाकून पाहा. जी रुंदी निघेल ती लिहा, लाजू नका.

पुढची नोंद तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीची.