सोळा वर्षांचा जॅक

जॅक कॉर्नवेलचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. लंडनजवळच्या गरीब घरातला, ब्रुक बाँडच्या चहाच्या गाडीवर पोऱ्याचं काम करणारा हा मुलगा ऑक्टोबर १९१५ मध्ये वडिलांना न विचारताच नौदलात शिरला. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत ‘चेस्टर’ जहाजावरच्या तोफेजवळचे त्याचे साथीदार मेले, घायाळ झाले. छातीत लोखंडाचे तुकडे घुसलेले असताना हा हुकमाची वाट बघत उभाच राहिला. २ जूनला इस्पितळात गेला. आई पोचली तेव्हा उशीर झाला होता.

वय वर्षं सोळा! आपल्या घरातला दहावीचा मुलगा आठवून बघा.

त्याच्या शौर्याबद्दल शंकाच नाही. मला राग येतो तो मोठ्यांचा. तेव्हाच्या ब्रिटिश नौदलात ‘बॉय’ हा चक्क एक हुद्दा होता. म्हणजे पोरगं आहे हे ठाऊक असूनच त्याला तोफेवर उभं केलं ना? आधी सामायिक थडग्यात पुरलेल्या जॅकला पेपरात गाजावाजा झाल्यावर जुलैत उकरून काढलं आणि लष्करी इतमामात पुन्हा पुरलं. शाळाशाळांतून त्याच्या नावानं पेनी-पेनी गोळा झाली, अपंग खलाशांच्या वॉर्डासाठी. काम चांगलंच. पण आईचं काय? ऑक्टोबरात नवरा गेला. नोव्हेंबरात तिनं राजाच्या हातून मुलाचा व्हिक्टोरिया क्रॉस घेतला. १९१९ मध्ये ती हलाखीतच वारली.