शोकसभावाल्यांनो, आधी बसा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खात्यातल्या एका पोराची शोकसभा झाली. समाजमंदिरात. फोटोला हार, मेणबत्त्या, त्रिसरण झालं, मग भाषणं. एक जण म्हणाला, व्यवस्थेनं बळी घेतला. दुसरा म्हणाला, ही आत्महत्या नव्हे, हा खून. मी कविता वाचली. चांगली झाली. दोघातिघांनी प्रत मागितली.

आता खरं सांगतो. हाच पोरगा तीन आठवडे आधी रातपाळी सुटल्यावर गेटवर माझ्याजवळ आला होता. म्हणाला, "दादा, जरा बसू या का? च्या पिऊ." मी म्हणालो, "आज नको लेका, चौदा एप्रिलचं पत्रक लिहायचंय." तो हसला. म्हणाला, "लिव्ह लिव्ह." बस्स. रडला न्हाई, काही न्हाई.

तू बसला असतास तरी काय झालं असतं, असं मला लोक विचारतात. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. मी बसलो नाही, एवढं मात्र माहीत आहे. आणि त्या पत्रकात 'माणुसकी' हा शब्द मी सात वेळा लिहिला होता. नंतर मोजला.

म्हणून हे भांडण. पहिलं आपल्याच माणसांशी.

मित्रांनो, आपल्याला मेलेला माणूस सोसतो, मरायला टेकलेला सोसत नाही. मेलेल्याचं पोस्टर होतं. जिता असला की तो तीच तीच रड सांगतो, मध्येच गप्प होतो, दारू पिऊन येतो, आपला वेळ खातो. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला. दर्शन सोळंकी १२ फेब्रुवारी २०२३ ला. मोर्चे निघाले, निघायलाच पाहिजे होते. रोहित आणि पायलच्या आया २०१९ साली सुप्रीम कोर्टात गेल्या, त्या लढाईपुढं मी मान वाकवतो. पण मोर्चाच्या आधीची जी रात्र असते, जेव्हा कुणाला काही ठाऊक नसतं, त्या रात्री आपल्यातलं कोण कुठं असतं? वक्ते आपल्याकडं ढिगानं. गायक आहेत, कवी तर उकिरड्यावर उगवावेत तसे. ऐकणारा एक दाखवा.

आणि आम्ही कवी! मरणाला सखी म्हणतो, मुक्ती म्हणतो, अंधाराला मिठी मारतो. सकाळी उठून ड्युटीवर जातो. ज्याला खरंच अंधार झालाय तो पोरगा ते वाचतो आणि खरं समजतो. माझ्या असल्या चार कविता होत्या. फाडल्या.

एक जुने कॉम्रेड मला म्हणाले, "हे ऐकणंबिकणं पांढरपेशांचं खूळ. व्यवस्था बदला, माणसं आपोआप जगतील." अहो, २०२२ साली सरकारी आकड्यानुसार या देशात १,७०,९२४ माणसांनी जीव दिला. त्यात २६.४ टक्के रोजंदारीवरची. म्हणजे चारात एक आपला. महाराष्ट्र सगळ्यांत वर. त्या अहवालात जातीचा रकाना नाही, तो कुणी काढू देत नाही, ते भांडण वेगळं. पण व्यवस्था पाडायला जी माणसं लागणार ती उद्या सकाळी जिती असायला नकोत का?

खूळ म्हणता तर त्याची गोष्ट ऐका. इंग्लंडात १९३५ साली चॅड वरा नावाच्या तरुण पाद्र्यानं चौदा वर्षांची एक मुलगी पुरली. पहिली पाळी आली, तिला वाटलं काहीतरी घाण रोग झाला, तिनं जीव दिला. विचारावं असं तिला कुणी नव्हतं. ते त्याच्या मनात राहिलं. १९५३ साली लंडनच्या चर्चमध्ये त्यानं फोन ठेवला, मरावंसं वाटतं त्यांनी बोलावं म्हणून. माणसांची रीघ लागली. मदतीला आलेले साधे लोक वाट बघणाऱ्यांना चहा द्यायचे, शेजारी बसायचे. पाद्र्याच्या ध्यानात आलं की कित्येक जण चहा पिऊन, बोलून, त्याला न भेटताच मोकळे होऊन जातात. १९५४ साली त्यानं कामच त्या चहावाल्यांच्या हाती दिलं. ते समॅरिटन्स.

चहापाशी मी अडकलो. माझ्या आज्याला हॉटेलात कप वेगळा होता. बाहेरच्या कोनाड्यात, कान तुटलेला. स्वतः उतरवायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः विसळून ठेवायचा. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे पुढं आणलं. जिथं चहा बाटतो, सूत बाटतं, तिथं कुणी कुणाशेजारी बसायचं?

खुद्द बाबासाहेबांजवळ कोण बसलं? १९१७. बडोदा. पारशांच्या खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना हुसकावलं. एका हिंदू मित्राकडं गेले, तो म्हणाला, तुम्ही राहिलात तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचं होतं. मग गाडीच्या वेळेपर्यंत पाच तास कामाठी बागेत एकटे. त्यांनी स्वतः लिहिलंय, आईबापांची आठवण आली. आपण तिथं संकल्पभूमी म्हणून माथा टेकतो, टेकावाच. पण त्या पाच तासांकडं बघायला आपण घाबरतो. संकल्प आपल्याला झेपतो, ते एकटं बसणं झेपत नाही.

आता दुसरं भांडण, मदतवाल्यांशी. मी त्या पोराच्या नंतर एकदा फोन केला. कुठं केला ते सांगत नाही. आवाज मऊ होता. नाव विचारलं नाही. आडनाव न सांगता रडता येतं, याची किंमत आमच्याएवढी कुणाला कळणार! पण तोंडातून 'पानी' गेलं, 'कोन' गेलं, आणि मीच चपापलो. जॉबर कोट्यावरून काय बोलतो ते सांगायला लागलो तर बाई म्हणाल्या, "ते राहू द्या, तुम्हाला आतून काय वाटतं ते सांगा." बाई, आमचं आत आणि बाहेर असं वेगळं नाही हो. बाहेरचं तेच आत शिरलंय. सल्ला देऊ नका हा तुमचा नियम सोन्यासारखा आहे, पण जात निघाली की विषय बदलणं म्हणजे ऐकणं नव्हे.

तरी चाळीस मिनिटं त्या बाईनं फोन ठेवला नाही. त्या पहाटे मला झोप लागली. हेही लिहिलं पाहिजे, नायतर मी खोटारडा.

सरकारची टेलिमानस लाईन १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. वस्तीत भिंतीवर लिहा, निळ्या रंगानं. आणि पोलिसांची भीती काढा. वाचलेल्यावर कलम ३०९ लागायचं म्हणून आपले लोक दवाखान्यात न्यायला घाबरतात, अजूनही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ ला लागू झाला, त्यानं सांगितलं, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली, त्यात जुनं ३०९ आलंच नाही. घेऊन जा बिनधास्त.

पण फोन पुरा पडणार नाही. झिंबाब्वेत हरारेला डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६ पासून म्हाताऱ्या आज्यांना शिकवलं, त्या बाकावर बसून माणसांचं ऐकतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत 'आत्मीयता'नं गावच्याच माणसांना हे काम शिकवलं. म्हाताऱ्या आपल्याकडं कमी आहेत का?

आम्ही थोडं शिकून घेतलंय. मध्ये बोलायचं नाही. लाज काढायची नाही, आईबापाची शपथ घालायची नाही. सरळ विचारायचं, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट त्याला हलकं वाटतं. आज रात्रीच धोका दिसला तर एकटं सोडायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. त्याचं गुपित चव्हाट्यावर न्यायचं नाही, कवितेत तर नाहीच.

शनिवारी माझी सुट्टी असते. रात्री नऊ ते बारा विहाराच्या ओट्यावर मी असतो, आणि कोन वाइंडिंगवरची एक ताई असते, बायकांनी तिच्याशी बोलावं. बाकी सहा रात्री रिकाम्या आहेत. शोकसभेत ज्यांनी ज्यांनी भाषण केलं त्यांनी एकेक रात्र घ्यावी, मी नावं लिहून ठेवलीत. स्टोव्ह आहे, कपबश्या आहेत. साखर संपलीय, येताना आणा.